इतकी मदत करूनही शेजारी चीनकडे का वळतात?

परभणीची_पुण्यात

नमस्कार. मी सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करते. काल रात्री मेसमधून आल्यावर अभ्यासिकेच्या जिन्यात आमचा मोठा वाद झाला आणि तो काही मिटला नाही, म्हणून इथे विचारते.

श्रीलंका २०२२ मध्ये बुडाली तेव्हा आपण जवळपास ४ अब्ज डॉलरची मदत केली. पेट्रोल, औषधं, खत, सगळं पाठवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चीनचं ‘युआन वांग ५’ हे उपग्रह-क्षेपणास्त्रांचा माग काढणारं जहाज श्रीलंकेच्याच हंबनटोटा बंदराला लागलं. मालदीवमध्ये ‘इंडिया आउट’ म्हणत मुइझ्झू राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. नेपाळने २०२० मध्ये आपल्या ताब्यातलं लिपुलेख, कालापानी स्वतःच्या नकाशात दाखवलं. माझी रूममेट म्हणते, हे सगळे कृतघ्न आहेत, दोन वर्षं हात आखडता घेतला की ठिकाणावर येतील. दुसरा एक मित्र म्हणतो, आपणच दादागिरी करतो. अमेरिका आणि चीन यांच्या रस्सीखेचीत या छोट्या देशांना भावच भाव आलाय, आता ते आपलं कशाला ऐकतील, असं तिसऱ्याचं म्हणणं.

क्लासच्या नोट्समध्ये ‘शेजार प्रथम’ या मथळ्याखाली मुद्दे आहेत, ते पाठ आहेत. पण या देशांशी ज्यांचा खरोखर संबंध आला आहे अशा लोकांना काय वाटतं? कृपया मोकळेपणाने लिहा.

वखारवाला_चाकण

ताई, मी चाकणला कांद्याच्या वखारीवर हिशेब बघतो आणि गाड्या लावतो. आमच्या शेठचा माल बांगलादेश, श्रीलंका आणि दुबईला जातो. बाकी देशांचं जाणकार सांगतील, मी बांगलादेशाचं सांगतो, कारण तो नाका मी वर्षानुवर्षं फोनवरून जगलोय.

बांगलादेश हा आपल्या कांद्याचा फार मोठा गिऱ्हाईक. नाशिकचा, नगरचा, आपल्या जुन्नर-खेडचा कांदा ट्रकने पश्चिम बंगालपर्यंत जातो आणि पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर, हिली या नाक्यांवरून पलीकडे उतरतो. २९ सप्टेंबर २०१९ ला आपल्या सरकारने भाव वाढले म्हणून निर्यात बंद केली. त्यांच्याकडे कांदा किलोला २०० टाक्यांच्या वर गेला, विमानाने कांदा आणावा लागला. त्यांच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना नेमक्या त्याच आठवड्यात दिल्लीत होत्या. व्यापाऱ्यांच्या सभेत त्या हिंदीत म्हणाल्या की मी आचाऱ्याला जेवणात कांदा घालू नको म्हणून सांगितलंय, पुढच्या वेळी बंद करायचं असेल तर आधी कळवा, म्हणजे आम्ही दुसरीकडून आणू. सभागृहात हशा झाला. मला तेव्हाही तो हसण्याचा विषय वाटला नाही. दिल्लीशी इतकं जुळवून घेणारा पंतप्रधान ढाक्यात क्वचितच झाला असेल, आणि त्या बाई पाहुण्या म्हणून येऊन एवढंच मागत होत्या की आधी सांगा.

पुढच्याच वर्षी, १४ सप्टेंबर २०२० ला, पुन्हा तेच. आधी काही कळवलं नाही. आमच्या गाड्या घोजाडांग्याला रांगेत होत्या. सप्टेंबरात जो कांदा जातो तो एप्रिल-मेमध्ये चाळीत भरलेला उन्हाळ कांदा. तो आधीच दमलेला असतो. त्यात बंगालची दमट हवा आणि वरून ताडपत्री. दोन दिवसांत गोणीला घाम सुटतो, मग काजळी धरते, मग मोड. ड्रायव्हर फोन करून सांगायचा, “शेठ, फाळक्यातून पाणी गळतंय, वास यायला लागलाय, काय करू?” त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. पलीकडे बेनापोल, भोमराला त्यांचे व्यापारी एलसी, म्हणजे बँकेचं हमीपत्र, उघडून, पैसे अडकवून बसलेले. त्यांचाही फोन यायचा. आमचा ढाक्याचा जुना गिऱ्हाईक, नेहमी आदराने ‘दादा’ म्हणणारा माणूस, त्या दिवशी फक्त एवढंच म्हणाला, “दादा, आमच्या बाजारात मी तोंड कसं दाखवू?” चार-पाच दिवसांनी वाटेतल्या मालापैकी २५ हजार टन सोडायला परवानगी मिळाली, तोवर बराच माल उकिरड्यावर गेला होता. ढाक्याच्या परराष्ट्र खात्याने पत्र लिहून चिंता व्यक्त केली. मित्रदेशाला असं पत्र लिहावं लागलं, हीच मोठी गोष्ट आहे.

आता पुढचं ऐका. त्यांनी काय केलं? म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, चीन, पाकिस्तान, जिथून मिळेल तिथून चट्टग्राम बंदरात कांदा उतरवला. आणि पाबना, फरीदपूर भागात स्वतःची लागवड वाढवली. आज त्यांचा कांदा निघाला की ते आयातीचा परवाना, ज्याला आमच्याकडे आयपी म्हणतात, तो देणं थांबवतात. आयपी थांबली की लासलगावपासून चाकणपर्यंत लिलाव पडतो. जो वाणी मनात येईल तेव्हा शटर खाली ओढतो, त्याचं गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीतलं दुकान शोधणारच. त्यात कृतघ्नपणा कसला?

आणि याच्या उलटही आपणच करून दाखवलंय, ते कुणी सांगत नाही. ८ डिसेंबर २०२३ पासून कांदा निर्यात पुन्हा बंद होती. त्याच सुमारास मालदीवचे मुइझ्झू आपल्या सैनिकांना परत जायला सांगत होते, जानेवारी २०२४ मध्ये ते बीजिंगला जाऊन आले. इथे लोक मालदीववर बहिष्कार घाला म्हणत होते. तरी ५ एप्रिल २०२४ ला आपण मालदीवसाठी त्या वर्षाचा कोटा जाहीर केला: अंडी, बटाटे, तांदूळ, गव्हाचं पीठ, साखर, डाळ आणि ३५ हजार टनांहून जास्त कांदा. १९८१ मध्ये ही व्यवस्था सुरू झाली, तेव्हापासूनचा सर्वांत मोठा कोटा. बहुतेक जगाला बंदी आणि मालदीवला कांदा! १० मेपर्यंत आपले सैनिक परत आले, त्यांच्या जागी आपलेच नागरी तंत्रज्ञ गेले. ऑक्टोबरमध्ये तेच मुइझ्झू दिल्लीत होते आणि ४० कोटी डॉलरच्या चलन-अदलाबदलीचा करार करून गेले. जुलै २०२५ मध्ये त्यांच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापनदिनाला आपले पंतप्रधान प्रमुख पाहुणे होते.

माझं म्हणणं एवढंच की मदतीचा आकडा मोठा आहे की लहान, हे शेजारी लक्षात ठेवत नाही. ठरलेली वस्तू ठरल्या दिवशी येते का, हे तो लक्षात ठेवतो. बांगलादेशाने २०२२ च्या अखेरीस असाच वार्षिक कोटा आपल्याकडे मागितला होता. कांदा, साखर, गहू, तांदूळ. तो तेव्हाच ठरवून टाकायला हवा होता.

निवृत्त_खडकवासला

वखारवाले, तुमचं लिखाण मनापासून पटलं, विशेषतः मालदीवचा भाग. तरी फौजेत आयुष्य गेलेला माणूस म्हणून दुसरी बाजू मांडतो, कारण या मुलीला परीक्षेत ती लागेल आणि देशालाही लागते.

नोव्हेंबर १९८८ मध्ये भाडोत्री लोकांनी मालेचा ताबा घेतला तेव्हा राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली आणि आपले छत्रीधारी जवान त्याच रात्री आग्र्याहून उडून हुलहुलेच्या धावपट्टीवर उतरले. त्या वेळी आपल्याकडे ताकद होती आणि ती तत्काळ वापरायची तयारी होती. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत आपला स्वतःचा किनारा उद्ध्वस्त झालेला असताना नौदलाची जहाजं श्रीलंका आणि मालदीवकडे निघाली. कांदा वेळेवर पोचणं महत्त्वाचं आहेच. जहाज वेळेवर पोचणं त्याहून महत्त्वाचं, आणि त्यासाठी नौदल लागतं.

‘युआन वांग ५’ चा प्रश्न विचारलास, बाळ. ते जहाज आलं हे खरं. पण पुढे काय झालं तेही बघ. दिल्लीने आरडाओरडा न करता पण ठामपणे सांगत राहणं सोडलं नाही, अमेरिकेनेही चिंता कळवली आणि जानेवारी २०२४ पासून श्रीलंकेने परदेशी संशोधन जहाजांना वर्षभर बंदी केली. श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष दिसानायके डाव्या पक्षाचे, त्यांच्या पक्षाचा भारतविरोधाचा इतिहास आहे. तरी निवडून आल्यावर ते डिसेंबर २०२४ मध्ये पहिल्यांदा दिल्लीला आले आणि नंतर जानेवारीत बीजिंगला गेले. एप्रिल २०२५ मध्ये कोलंबोत संरक्षण सहकार्याचा करार झाला. हे सगळं नुसत्या भलेपणाने होत नाही. आपली सुरक्षा कुठे सुरू होते हे शेजाऱ्याला स्पष्ट माहीत असावं लागतं.

शांतिसेनेचंही सांगतो, कारण पुण्यात त्या काळातली माणसं अजून आहेत. १९८७ ते ९० या काळात श्रीलंकेत गेलेल्या आपल्या फौजेतले जवळपास १,२०० जवान परत आले नाहीत. माझ्या बरोबरीचेही होते त्यांत. ज्या तमिळांच्या रक्षणासाठी आणि ज्या सिंहली सरकारच्या बोलावण्यावरून आपण गेलो, त्या दोघांनाही शेवटी आपण नको होतो. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: ताकद ठेवावी, दाखवावी, पण दुसऱ्याच्या घरातल्या भांडणात ती उतरवू नये.

खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मित्रदेशांचे छात्र आपल्या मुलांबरोबर तीन वर्षं शिकतात. भूतानचा एखादा मुलगा दीक्षान्त संचलनात आपल्या मुलांच्या खांद्याला खांदा लावून चालताना पाहिला की वाटतं, या गुंतवणुकीबद्दल आपण फार कमी बोलतो.

काठमांडूहून_कोथरूड

सर, ताकदीच्या बाबतीत एक अनुभव सांगते. यांच्या नोकरीमुळे आम्ही २०१५ मध्ये काठमांडूत होतो. एप्रिलचा भूकंप तिथेच काढला. तेव्हा भारताची मदत काही तासांत आली होती आणि शेजारपाजारचे लोक आम्हाला थांबवून आभार मानत होते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सप्टेंबरमध्ये त्यांची नवी राज्यघटना आली, भारताला लागून असलेल्या तराईतले मधेशी लोक नाराज झाले, वीरगंजच्या नाक्यावर धरणं सुरू झालं आणि ट्रक थांबले. भारत सरकारचं म्हणणं होतं की आम्ही काही अडवलेलं नाही, आंदोलनामुळे चालक जायला घाबरतात. पण काठमांडूत एकही माणूस मला असा भेटला नाही ज्याला ते पटलं. गॅसचं सिलिंडर अर्धं भरून मिळायचं, तेही नंबर लागला तर. आमच्या घरमालकीण अंगणात विटा मांडून भूकंपात पडलेल्या घराच्या चौकटी आणि दारं जाळून भात शिजवायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, काशीला जाऊन आलेल्या बाई. मी डबा घेऊन गेले तर त्यांनी घेतला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. भूकंपात मिळवलेलं सगळं प्रेम आपण त्या हिवाळ्यात घालवलं.

फेब्रुवारी २०१६ ला वाहतूक सुरळीत झाली आणि मार्चमध्ये त्यांचे तेव्हाचे पंतप्रधान ओली बीजिंगला जाऊन चीनमधून मालवाहतुकीचा करार करून आले. हिमालयातून कोलकात्याइतकं स्वस्त बंदर त्यांना कधीच मिळणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. तरी त्यांना दुसरं दार हवं होतं आणि ते दार आपण त्यांना शोधायला लावलं. विजेवर चालणाऱ्या चिनी गाड्या आज काठमांडूत सगळीकडे आहेत. पेट्रोलसाठी पुन्हा कुणापुढे हात पसरायचा नाही ही भावना त्यामागे आहे, असं माझे तिथले लोक सांगतात.

आणि वखारवाले दादांचं म्हणणं तिथेही खरं ठरलं. सप्टेंबर २०१९ मध्ये मोतिहारी ते अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची तेलवाहिनी सुरू झाली. त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही, पण डिझेल न थांबता येतं आणि नकाशावरून एवढं भांडण झालं तेव्हाही ते बंद झालं नाही. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १०,००० मेगावॉट वीज घेण्याचा करार झाला, आपल्या तारांवरून नेपाळची ४० मेगावॉट वीज बांगलादेशापर्यंत जाऊ लागली. अशी कामं वाढवायला हवीत. एक गोष्ट मात्र त्यांना बोचते: ज्या प्रकल्पात चिनी कंपनीचा हात, त्याची वीज आपण घेत नाही. आपली भीती मला समजते. पण वीजवाहिन्या आणि रस्त्यांसाठीच्या अमेरिकेच्या ५० कोटी डॉलरच्या एमसीसी अनुदानावरून त्यांच्याकडे रस्त्यावर दगडफेक झाली, चीनचा विरोध होता, तरी फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांच्या संसदेने ते मंजूर केलं. म्हणजे तो देश कुणा एकाच्या खिशात बसायला तयार नाही. हे आपल्या फायद्याचंच आहे, एवढं तरी आपण ओळखावं.

वखारवाला_चाकण

मेजरसाहेब (हुद्दा चुकला असेल तर सांभाळून घ्या), नौदल हवंच. माझा थोरला भाऊ जाफन्याला होता, त्यामुळे शांतिसेनेबद्दल तुम्ही लिहिलेलं आमच्या घरात रोज बोललं गेलेलं आहे. काठमांडूच्या ताई, तुमचं वाचून बराच वेळ गप्प बसलो.

मला एक जास्त बोलायचंय. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं. त्यातलं निम्मं रशियाचं तेल घेता म्हणून. कोळंबीवाले, तिरुपूरचे कपडेवाले, सुरतेचे हिरेवाले यांची काय अवस्था झाली ते आपण पाहिलं. बोटीवर चढलेल्या मालाचा भाव रातोरात बदलणं काय असतं, हे तेव्हा दिल्लीतल्या लोकांनाही कळलं. आणि आपण काय केलं? त्याच आठवड्याच्या शेवटी आपले पंतप्रधान चीनला, तियानजिनला गेले. रशियाचं तेल घेणं चालू ठेवलं, अमेरिका-जपान-ऑस्ट्रेलियाबरोबरचा ‘क्वाड’ गटही सोडला नाही. देशासाठी हेच बरोबर होतं असं मी मानतो. मोठ्याने एक दार लावलं तर दुसरं उघडं असावं, हा आपला हक्क आहे. मग ढाका, काठमांडू, कोलंबो नेमकं हेच करतात तेव्हा ते आपल्या डोळ्यांत का खुपतं? ताई, तुमच्या रूममेटला हे जरूर विचारा. हात आखडता घेऊन कुणी ठिकाणावर येत नाही. आपण आलो का?

श्रीलंकेचंच घ्या. हंबनटोटा २०१७ मध्ये ९९ वर्षांसाठी चिनी कंपनीला गेलं. कोलंबोचं पूर्वेचं टर्मिनल भारत आणि जपानला देण्याचं ठरलं होतं, ते २०२१ मध्ये त्यांच्या कामगार संघटनांच्या दबावाने रद्द झालं. मग पश्चिमेचं अदानींना मिळालं, त्याला अमेरिकेने ५५ कोटी डॉलरहून जास्त कर्ज देऊ केलं, ते कर्ज कंपनीने शेवटी घेतलंच नाही, आणि २०२५ मध्ये टर्मिनल सुरू झालं. एका बंदरात चीन, त्याच देशाच्या दुसऱ्या बंदरात आपण. श्रीलंकेचा माणूस याला समतोल म्हणतो, आणि त्याच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं.

परभणीची_पुण्यात

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, चौकटी जाळून भात शिजवण्याचं वाचून अभ्यासिकेत आम्ही तिघी गप्प झालो. काका, एक विचारू? यापुढे लक्ष ठेवावं अशी एखादी गोष्ट कोणती?

निवृत्त_खडकवासला

तीस्ता नदी. सिलीगुडीची चिंचोळी पट्टी सर्वांत अरुंद जागी जेमतेम २२ किलोमीटर आहे, सगळा ईशान्य भारत तिच्यावर लटकलेला आहे. तिच्या खाली, बांगलादेशातल्या तीस्तेच्या खोऱ्यात, नदी खोल करून बांध घालण्याचं काम चीनला हवं आहे. जून २०२४ मध्ये आपणही तांत्रिक पथक पाठवू म्हणालो होतो, दीड महिन्यात हसीनांची सत्ता गेली. तिथे चिनी अभियंते येऊन बसणं आपल्याला परवडणारं नाही.

वखारवाला_चाकण

साहेबांचं खरं आहे, पण तीस्तेच्या आधी गंगा. बंगालमधल्या फराक्का धरणाशी बांगलादेशाबरोबर गंगेचं पाणी वाटून घेण्याचा करार १२ डिसेंबर १९९६ चा, तीस वर्षांचा. डिसेंबर २०२६ मध्ये त्याची मुदत संपते. १ जानेवारी ते ३१ मे या कोरड्या दिवसांचं पाणी त्यात दहा-दहा दिवसांच्या हिशेबाने वाटलेलं आहे: प्रवाह ७० हजार क्युसेकपर्यंत असेल तर निम्मं-निम्मं, ७० ते ७५ हजारांच्या मध्ये असेल तर बांगलादेशाला ३५ हजार आणि उरलेलं आपल्याला, त्यावर असेल तर आपल्याला ४० हजार आणि बाकी त्यांना. दोन्हीकडचे लोक फराक्क्याला आणि पलीकडे हार्डिंज पुलापाशी एकत्र मोजमाप करतात. ढाक्यात सरकारं आली-गेली, दोन्ही देशांत निवडणुकांत एकमेकांच्या नावाने बोटं मोडली गेली, पण मोजमाप चालू राहिलं. ताई, लक्ष यावर ठेवा. नवा करार मुदतीच्या आत, दोन्हीकडच्या शेतकऱ्याला जानेवारीचं पाणी आधी कळेल असा होतो का, की शेवटच्या आठवड्यापर्यंत लोंबकळत राहतो.

आणि साहेब, तीस्तेचं म्हणाल तर सप्टेंबर २०११ मध्ये करार तयार होता. मनमोहन सिंग ढाक्याला गेले आणि बंगालच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जींनी ऐन वेळी नकार दिल्याने सही न करता परत आले. बंगालच्या शेतकऱ्याचीही काही बाजू असेलच, मी शेतकऱ्यांमध्येच बसतो, मला ती समजते. पण तेव्हापासून उत्तर नाही. पाण्याचा वाटा आपण ठरवून देत नाही आणि नदीचा गाळ कुणाकडून काढायचा तेही आपणच सांगणार, हे बांगलादेशातल्या रंगपूरच्या शेतकऱ्याला पटवायला माझ्याकडे तरी शब्द नाहीत. तुमच्याकडे असतील तर लिहा, मला खरंच वाचायचे आहेत.